शांतिसेनेसाठी परदेशी प्रशिक्षण : पलटण परतली की शिकलेलं कुठे जातं?

मेघना_वि

मंडळी, गेले काही महिने संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिमोहिमांबद्दल वाचतेय. एक प्रश्न काही केल्या सुटत नाही, म्हणून हा धागा.

सैन्य पाठवणाऱ्या देशानेच आपल्या सैनिकांना निघण्याआधी तयार करायचं, हे आमसभेने १९९४ साली ठराव ४९/३७ मध्ये मान्य केलं. यूएन अभ्यासक्रम देतं, मानकं ठरवतं, तपासणीला माणसं पाठवतं. शिकवायचं मात्र ज्याचं त्याने. आता ज्या देशांकडे सैनिक आहेत पण शिक्षक, गाड्या, पैसा नाही, त्यांनी काय करायचं? तिथे बाहेरचे देश येतात. रवांडातल्या नरसंहारानंतर अमेरिकेने आफ्रिकी सैन्यांसाठी ‘आक्री’ नावाचा कार्यक्रम काढला, पुढे त्याचा ‘अकोटा’ झाला. २००४ मध्ये सी आयलंडच्या जी-८ परिषदेत ‘जीपीओआय’ची, म्हणजे जगभरातल्या शांतिसैनिकांना शिकवण्याच्या अमेरिकी उपक्रमाची घोषणा झाली, उद्दिष्ट पाच वर्षांत ७५,००० शांतिसैनिक. फ्रान्सचा ‘रेकाँप’ होता, ब्रिटनची टीम नैरोबीत आहे, इटलीने विचेन्झाला पोलीस तुकड्यांसाठी केंद्र काढलं.

माझं मत आधीच सांगते. ७५,००० सैनिक शिकवले, हा आकडा वर्तमानपत्रात छान दिसतो. पण काही आठवडे शिकलेली बटालियन मोहिमेवर जाते, मुदत संपली की परतते आणि तिथले लोक बदल्या होऊन विखुरतात. पुढच्या बटालियनला पुन्हा पहिलीपासून सुरुवात, पुन्हा परदेशी शिक्षक. हाच पैसा त्या देशाचे स्वतःचे शिक्षक आणि केंद्रं उभी करण्यात आधीपासून घातला असता तर?

प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी जरूर लिहा.

कोरा_कागद

विषय आवडला. खुर्ची टाकून बसलोय, जाणकार येऊ देत.

जुनी_पलटण

मेघनाताई, मी काँगोच्या पूर्वेला, उत्तर कीवूमध्ये भारतीय ब्रिगेडबरोबर होतो. त्यामुळे शिकणारा म्हणून थोडं लिहू शकतो. आमचं प्रशिक्षण आपल्याच लोकांनी केलं, पण आफ्रिकी अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्या वर्गांवर नंतर काम केलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मोहिमेवर निघणारा सैनिक आधीच सैनिक असतो. त्याला गोळी चालवता येते, चढाई येते, घात लावता येतो. त्याला शिकवायचं असतं ते निराळंच. समोर शत्रू ठरलेला नाही. सकाळी ज्याच्याशी चहा घेतला त्या गटाचा कमांडर संध्याकाळी गाव जाळू शकतो. तुमच्या गाडीला पांढरा रंग आहे, म्हणजे लपायचं नाही, दिसायचं आहे. हे डोक्यात बसायला वेळ लागतो.

आमच्या तयारीत गेटचा सराव व्हायचा. आमच्याच काही जवानांना गावकरी बनवायचे. घाबरलेला जमाव गेटवर येतो, आत घ्या म्हणतो, त्यात दोनतीन जणांच्या अंगाखाली शस्त्र. सेंट्रीने काय करायचं? एका जवानाने गावकऱ्याची भूमिका इतकी जीव ओतून केली की गेटवरचा सेंट्री खरोखर चिडला, दोघांना बाजूला करावं लागलं. सगळे हसले. पण आमच्या सुभेदार साहेबांनी तिथेच सराव थांबवला आणि प्रत्येकाला विचारलं, याच्या जागी तू असतास तर पहिला शब्द कोणता बोलला असतास? कोणालाच सांगता आलं नाही, कारण त्या गावाची भाषा कोणालाच येत नव्हती. त्या दिवसापासून गेटवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला स्वाहिलीतली मोजकी वाक्यं पाठ करायला लावली. थांबा, बसा, किती माणसं, कोण जखमी, कुठून आलात.

पुढे तिथे ती वाक्यं रोज लागली. एका रात्री एक बाई पाठीवर मूल घेऊन आली. सेंट्रीने तिला स्वाहिलीत बसायला सांगितलं, दुभाष्याला फोन लावला. ती कुठून आली हे वीसेक मिनिटांत कळलं आणि गस्त निघाली. हे रायफल रेंजवर शिकवता येत नाही.

बटालियन विखुरते हे मात्र अगदी खरं आहे. त्यावर नंतर लिहितो.

नकाशावाला

वरचा अनुभव सुरेख. पण धाग्याच्या प्रश्नात एक गृहीत धरलंय, की शिकवणारा देश शांततेसाठीच शिकवतो. पैशाचं गणित बघा.

यूएन सैन्य पाठवणाऱ्या देशाला प्रत्येक सैनिकामागे दरमहा ठरावीक रक्कम देतं. २०१८ मध्ये ती १,४२८ डॉलर झाली. ती सैनिकाला नाही, सरकारला मिळते. सोबत नेलेल्या गाड्या, जनरेटर, तंबू यांची भरपाई वेगळी, आणि ती तपासणीत चालू स्थितीत असतील तरच. म्हणजे गरीब देशासाठी मोहीम हा परकीय चलनाचा एक मार्गही आहे. शिकवणाऱ्या देशाचा हिशोब असा, की स्वतःचं सैन्य न पाठवता सोमालियासारख्या ठिकाणी काम होतं. मार्च २००७ मध्ये युगांडाचे सैनिक मोगादिशूला उतरले, त्याच वर्षअखेरीस बुरुंडीचे. ती मोहीम आफ्रिकी संघाची होती, यूएनची नव्हती, आणि सैनिकांचे भत्ते युरोपीय संघ देत होता. शिकवणं अमेरिकेचं, भत्ते युरोपचे, जीव आफ्रिकी सैनिकाचा. २०१६ मध्ये युरोपने भत्त्यात वीस टक्के कपात केली तेव्हा त्या सैनिकाला कोणी विचारलंही नाही.

मला यात वाईट वाटतं ते हे, की या सौद्यात त्या सैनिकाचा शब्द कुठेच नाही.

स्नेहल_दि

+१ नकाशावाला. शेवटचं वाक्य फार खरं आहे.

रोहिणी_प

मी याच्याही पुढे जाऊन म्हणेन, की असं प्रशिक्षण कधीकधी घरच्याच लोकांवर उलटतं. मालीत मार्च २०१२ मध्ये सत्ता उलथवणारा कॅप्टन सानोगो अमेरिकेत शिकून आला होता. बुर्किना फासोत जानेवारी २०२२ मध्ये सत्ता घेणारा दामिबाही अमेरिकी कार्यक्रमांत सहभागी झालेला. बुरुंडीचं सैन्य सोमालियासाठी वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, आणि २०१५ मध्ये देशातच दडपशाही सुरू झाली तेव्हा अमेरिकेला प्रशिक्षण थांबवावं लागलं. तोवर शिकवलेलं परत घेता येतं का?

जुनी_पलटण

रोहिणीताई, मुद्दा गंभीर आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत. सानोगो शिकला तो अधिकाऱ्यांना अमेरिकेत बोलावून शिकवण्याचा सर्वसाधारण लष्करी शिक्षण कार्यक्रम. शांतिमोहिमेआधी अख्ख्या बटालियनला तिच्याच देशात दिलं जाणारं प्रशिक्षण निराळं. एकाच तराजूत दोन्ही घातले तर चूक कुठे झाली ते कळणार नाही.

बुरुंडीबद्दल तुमच्याशी सहमत. तिथे प्रश्न खरोखर त्याच कार्यक्रमाचा आहे.

रोहिणी_प

वेगळे कार्यक्रम आहेत हे मान्य. पण सैन्य तेच असतं ना? अधिकारी तेच. आज मोहिमेसाठी शिकलेली कंपनी उद्या राजधानीत रस्त्यावर उभी राहू शकते.

अमेरिकेत लेही कायदा आहे. मानवी हक्कांचं गंभीर उल्लंघन केल्याची विश्वासार्ह माहिती असेल तर त्या तुकडीला मदत देता येत नाही. कायदा चांगला आहे. पण तो तुकडीचा भूतकाळ तपासतो. पुढे ती काय करेल हे कोणता कायदा सांगणार?

अथांग

अवांतर : या प्रशिक्षणातला सगळ्यात अवघड भाग भाषांतर असावा. शिक्षक इंग्रजीत बोलणार, दुभाषी फ्रेंचमध्ये सांगणार, सार्जंट ते स्थानिक भाषेत सांगणार. ‘गोळीबार थांबवा’ शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी झालेली असेल 😄

जुनी_पलटण

अथांग, हसण्यावारी नेऊ नका, हे अगदी असंच होतं 😄 म्हणून चांगले शिक्षक बोलणं कमी करतात आणि करून दाखवतात. वाळूवर सँड मॉडेल काढायचं, गाव, नदी, रस्ता, तळ. मग खेळण्यातल्या गाड्या सरकवत विचारायचं, इथे अडलास तर काय करशील? सँड मॉडेलला भाषांतर लागत नाही. अनेक आफ्रिकी अधिकाऱ्यांनी हीच एक गोष्ट परत नेली.

डॉ_सीमा

वैद्यकीय बाजू कोणी मांडलेली दिसत नाही, म्हणून लिहिते. मी लष्करी वैद्यकीय सेवेत होते. काँगोत गोमाला भारताचं लेव्हल-३, म्हणजे शस्त्रक्रियेची सोय असलेलं मोठं रुग्णालय होतं, तिथल्या कामाशी माझा जवळून संबंध आला.

यूएनमध्ये जखमीसाठी १०-१-२ असा दंडक आहे. दहा मिनिटांत रक्तस्राव थांबवणं आणि श्वासमार्ग मोकळा करणं, एका तासात पुढचे उपचार, दोन तासांत शस्त्रक्रिया. यातल्या तासासाठी आणि दोन तासांसाठी हेलिकॉप्टर लागतं, डॉक्टर लागतो, रुग्णालय लागतं. पण पहिली दहा मिनिटं त्या जखमीच्या शेजारी उभ्या असलेल्या सैनिकाची असतात. तिथे डॉक्टर नसतोच.

मालीतली मोहीम २०१३ ते २०२३ चालली, ३०० हून जास्त शांतिसैनिक गेले. त्यातले कितीतरी रस्त्यात पेरलेल्या स्फोटकांनी. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला कांडी पिळून आवळायचा पट्टा, कुठे बांधायचा, किती घट्ट, बांधल्याची वेळ कुठे लिहायची, हे अंधारात, हातमोजे घालून, घाबरलेल्या अवस्थेत जमायला हवं. मी शिकवायचे तेव्हा सैनिकाला डोळे बांधून, एकाच हाताने, स्वतःच्याच मांडीवर टूर्निके बांधायला लावायचे. पहिल्या वेळी जवळजवळ सगळे सैल बांधतात, कारण दुखतं. दुखायलाच हवं, पायाची नाडी लागेनाशी होईपर्यंत कांडी पिळायला हवी. हे व्हिडिओ दाखवून येत नाही.

आणि मेघना, तुझ्या प्रश्नाला धरून सांगायचं तर हे कौशल्य फार लवकर विसरलं जातं. सहा महिने सराव नसेल तर हात पुन्हा सैल बांधतात. परदेशी शिक्षक येऊन एक आठवडा शिकवून गेला आणि तळावर रोज सराव घेणारं कोणी नाही, तर मला त्या आठवड्याचा उपयोग फार कमी दिसतो.

मेघना_वि

सीमाताई, हे मला नेमकं हवं होतं. म्हणजे सराव घेणारा माणूस त्या पलटणीतच असायला हवा, पाहुणा चालणार नाही. बरोबर ना?

डॉ_सीमा

हो. आणि त्याला कंपनी कमांडरने वेळ द्यायला हवा. तिथेच घोडं अडतं.

एक जोडते. आरोग्य म्हटलं की लोक फक्त जखमा आठवतात. हैतीत ऑक्टोबर २०१० मध्ये कॉलरा पसरला, जवळजवळ दहा हजार माणसं गेली. तो शांतिसेनेच्या तळाच्या सांडपाण्यातून नदीत गेला होता. बान की-मून यांनी २०१६ मध्ये हैतीच्या लोकांची माफी मागितली. तळावरचा शौचखड्डा कुठे खणायचा, सांडपाणी कोण तपासणार, हे निघण्याआधीच्या प्रशिक्षणात रायफलीइतकंच महत्त्वाचं आहे असं मी तेव्हापासून प्रत्येक वर्गात सांगत आले. ज्यांना वाचवायला गेलो त्यांनाच आजार द्यायचा, याहून वाईट काय?

हिमांशू_७

आपल्याला कोणी शिकवलं होतं का? काँगोत १९६१ मध्ये एलिझाबेथव्हिलला कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया यांनी मूठभर गुरखे घेऊन रस्तारोधावर हल्ला केला, प्राण दिले, परमवीरचक्र मिळालं. सिएरा लिओनमध्ये २००० साली कैलाहूनला आपल्या दोन कंपन्या अडीच महिने वेढ्यात होत्या, ऑपरेशन खुकरीने बाहेर काढल्या. ही माणसं कुठल्या परदेशी कोर्सला गेली होती? भारताने आजवर पन्नासाहून जास्त मोहिमांत २,९०,००० च्या वर माणसं पाठवली. शिकायचं तर जगाने आपल्याकडून शिकावं.

जुनी_पलटण

हिमांशू, सालारियांचं नाव घेतलंत, मन भरून आलं. आणि शेवटचं वाक्य प्रत्यक्षात होतंच आहे. दिल्लीत २००० सालापासून यूएन शांतिरक्षण केंद्र आहे, परदेशी अधिकारी तिथे येतात. २०१६ पासून भारत आणि अमेरिका मिळून आफ्रिकी अधिकाऱ्यांसाठी कोर्स घेऊ लागले. त्याचा रोख जे परत जाऊन शिकवतील अशांवर आहे, म्हणजे मेघनाताईंना हवं तेच.

पण आपण कोणाकडून शिकलो नाही हे मला पटत नाही. आपलं सैन्यही जे शिकलं ते मोहिमेत इतर देशांच्या शेजारी काम करताना शिकलं. मला सगळ्यात आवडणारं उदाहरण २०१८ चं आहे. कझाकस्तानची एक कंपनी, सुमारे १२० जण, लेबनॉनमध्ये आपल्या बटालियनबरोबर तैनात झाली. एकाच तळावर, एकाच गस्तीच्या वेळापत्रकात. अशा तैनातीत नवख्या देशाचा लेफ्टनंट रोज बघतो की अनुभवी कंपनी कमांडर गावच्या सरपंचाशी कसा बोलतो, वॉकीटॉकीवर अहवाल कसा देतो, कुरापत काढणाऱ्याला कसा टाळतो. दहा आठवड्यांच्या वर्गात हे येणार नाही.

वाटाड्या

वा! ही कल्पना मला या धाग्यातली सर्वांत मोलाची वाटली. हात धरून शिकवणं.

नकाशावाला

कल्पना चांगली, पण नवख्या कंपनीला सांभाळायला यजमान बटालियन तितकी भक्कम हवी. बऱ्याच मोहिमांत यजमान स्वतःच ताणलेला असतो.

अनिकेत_स

सगळे शिकवण्याबद्दल बोलताय, शस्त्रं-गाड्यांबद्दल कोणीच नाही. मी अवजड यंत्रांच्या क्षेत्रात काम करतो म्हणून हा भाग आवर्जून वाचला होता.

जपानने यूएनबरोबर २०१५ मध्ये एक त्रिपक्षीय योजना सुरू केली. पैसा जपानचा, शिक्षक जपानच्या स्वसंरक्षण दलाचे अभियंते, जागा केनियात, शिकणारे पूर्व आफ्रिकेतल्या सैन्यांचे ऑपरेटर. शिकवलं काय, तर डोझर, ग्रेडर, एक्स्कव्हेटर चालवणं आणि निगा. दक्षिण सुदानसारख्या देशात पावसाळ्यात रस्ते चिखलात जातात, गस्त अडकते, रसद अडकते. ग्रेडर चालवणारा एक चांगला ऑपरेटर तिथे कितीतरी गस्तींना वाट काढून देतो. मला यातलं सगळ्यात पटलं ते हे, की निगा शिकवली. ग्रेडर आणून ठेवला आणि फिल्टर बदलायला कोणी नाही, तर पहिल्याच हंगामात तो कुंपणाला टेकून उभा राहतो.

जुनी_पलटण, प्रशिक्षणात एका गाडीवर शिकवायचं आणि मोहिमेत दुसरीच गाडी मिळायची, असं होतं का?

जुनी_पलटण

होतं. गाड्या समुद्रमार्गे आधीच निघालेल्या असतात, सैनिक मागे राहून सराव करतात, मग सरावाला उसन्या गाड्या. ड्रायव्हरला मोहिमेतली खरी चिलखती गाडी पहिल्यांदा तिथे पोचल्यावरच दिसते.

मृण्मयी

आता मी थोडी कडू बोलते.

२०१४ मध्ये यूएनच्याच अंतर्गत तपासणी विभागाने नागरिकांच्या संरक्षणावर अहवाल दिला. २०१० ते २०१३ मधले नागरिकांवरच्या हल्ल्यांचे ५०७ प्रसंग पाहिले. त्यातल्या १०१ प्रसंगांत, म्हणजे वीस टक्क्यांतच शांतिसैनिकांनी लगेच काही हालचाल केली. बळाचा वापर तर जवळजवळ कधीच नाही. या सगळ्या पलटणी प्रशिक्षित होत्या. सगळ्यांच्या खिशात बळ कधी वापरायचं ते सांगणारं कार्ड होतं.

मग अडलं कुठे? अहवालात कारण दिलंय, ते असं की सैनिक मोहिमेच्या कमांडरचं ऐकण्याआधी आपल्या राजधानीला विचारतात. राजधानी म्हणते, जीव धोक्यात घालू नका. दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबात, जुलै २०१६ मध्ये तेच झालं. लढाई पेटली तेव्हा यूएनच्या तळावर १,८०० हून जास्त पायदळ सैनिक होते. चार देशांच्या तुकड्यांना परस्परविरोधी हुकूम मिळाले, आणि जवळच्याच एका निवासी संकुलात मदत कार्यकर्त्या महिलांवर अत्याचार होत असताना त्यांच्या हाकेला कोणी गेलं नाही. चौकशी झाली, केनियन फोर्स कमांडरना काढलं, केनियाने रागावून आपलं सैन्यच परत बोलावलं.

सांगा, टूर्निके आणि सँड मॉडेल उत्तम शिकवून यातलं काय बदललं असतं? माझ्या मते ज्यांना शिकवायला हवं ते मंत्री आणि सेनाप्रमुख वर्गात कधी बसतच नाहीत.

स्नेहल_दि

वाचून सुन्न झाले.

रोहिणी_प

मृण्मयी, अगदी मुळावर बोट ठेवलंस. तेवढ्यासाठी किगाली तत्त्वं आली २०१५ मध्ये. नागरिकांना वाचवण्यासाठी बळ वापरायला आमची तुकडी तयार असेल, आणि तिच्या कमांडरला त्यासाठी राजधानीची परवानगी घ्यावी लागणार नाही, असं सैन्य पाठवणाऱ्या देशाने आधीच जाहीर करायचं. मला वाटतं ज्या देशाला प्रशिक्षण हवंय त्याच्याकडून आधी यावर सही घ्यावी.

जुनी_पलटण

मृण्मयीताईंचा मुद्दा मी नाकारत नाही, त्या दुखण्याचा अनुभव आहे. पण प्रशिक्षण त्यात निरुपयोगी असतं हे मानत नाही.

ब्राझीलचे जनरल सांतोस क्रूझ यांनी २०१७ मध्ये शांतिसैनिकांच्या मृत्यूंवर अहवाल लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बचावाच्या पवित्र्यात बसून राहणाऱ्या तुकड्याच जास्त मार खातात. तळात कोंडून घेतलं, रात्री गस्त बंद केली, की पुढाकार हल्लेखोराकडे जातो. रात्री बाहेर पडायची हिंमत सरावातून येते. ज्या पलटणीने रात्रीची गस्त घरी शंभर वेळा केलेली नाही, तिचा कमांडर राजधानीला फोन करायला कारणच शोधत असतो. सराव पक्का असेल तर तो फोनच्या आधी गाडी बाहेर काढतो आणि नंतर कळवतो. असे कमांडर मी पाहिले आहेत.

मृण्मयी

हे मला पटलं, निदान अर्धं. अर्धं यासाठी की नंतर कळवणाऱ्याला घरी शाबासकी मिळते की चौकशी, हे तो बाहेर पडण्याआधी ओळखून असतो.

ऋता_म

महिला सैनिकांबद्दल अजून कोणीच लिहिलं नाही, म्हणून माझे दोन शब्द. लायबेरियात २००७ मध्ये भारताची सगळी महिला असलेली पोलीस तुकडी गेली, यूएनमधली अशी पहिलीच. गावातल्या मुलींनी पोलिसात यायला अर्ज केले यात त्यांचा वाटा होता असं तिथल्या लोकांनी वारंवार सांगितलं.

आणि दुसरी बाजू. लैंगिक शोषणाबद्दलचा धडा प्रत्येक तुकडीला निघण्याआधी सक्तीचा आहे. तरीही मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातून गॅबॉनची सुमारे ४५० सैनिकांची तुकडी सप्टेंबर २०२१ मध्ये याच आरोपांमुळे परत पाठवावी लागली. सुरक्षा परिषदेचा २०१६ चा ठराव २२७२ होता म्हणून अख्खी तुकडी परत पाठवता आली. मी एका प्रशिक्षणात हा धडा स्लाइडवर दीड तासात उरकलेला पाहिला आहे, शेवटच्या दिवशी, जेवणानंतर, अर्धे पेंगताना. त्या वर्गात वरिष्ठ अधिकारी एकही नव्हता. सैनिक काय समजणार? की हे महत्त्वाचं नाही. कमांडिंग ऑफिसरने स्वतः उभं राहून, ‘माझ्या पलटणीत असं केलंस तर मीच तुला कायद्यापुढे उभा करीन’ असं म्हटलं की वर्गातली हवाच बदलते.

डॉ_सीमा

ऋता, शंभर टक्के. दिवस आणि वेळ कोणता दिलाय त्यावरून सैनिकाला विषयाचं वजन कळतं.

कोरा_कागद

एक भाबडा प्रश्न. हे सगळं शिकवायला पैसा देणारेच आता हात आखडता घेताहेत ना? २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये यूएनने निधीअभावी शांतिसैनिकांत सुमारे पाव भाग कपात करायचं ठरवल्याचं वाचलं. मग पुढे कोण शिकवणार?

नकाशावाला

भाबडा नाही, हाच आता मुख्य प्रश्न आहे. आणि इथेच मेघनाच्या मूळ मुद्द्याकडे परत यावं लागतं. ज्या देशांनी स्वतःची केंद्रं उभी केली त्यांना झळ कमी बसेल. नेपाळमध्ये पंचखालला, बांगलादेशात राजेंद्रपूरला, घानात अक्राला कोफी अन्नान यांच्या नावाचं. पण ताई, केंद्र म्हणजे टिकाऊ असंही गृहीत धरू नका. यातल्या काही केंद्रांच्या इमारती, कोर्स, कधीकधी शिक्षकांचे पगारही परदेशी देणग्यांवर चालतात. देणगीदार गेला की इमारत राहते.

मेघना_वि

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मूळ मत थोडं सरकलंय. बटालियन शिकवणं वाया जातं असं मी आता म्हणणार नाही. सीमाताईंचा टूर्निके आणि जुन्या पलटणीची स्वाहिली वाक्यं वाचल्यावर तसं म्हणायला जीभ रेटत नाही. पण ‘किती जणांना शिकवलं’ याऐवजी ‘परतल्यावर त्यातले किती जण पुढच्या पलटणीला शिकवताहेत’ हे मोजायला हवं, यावर मी ठाम आहे. देणाऱ्या देशाने तोच आकडा मागावा.

जुनी_पलटण, तुम्ही विखुरण्याबद्दल नंतर लिहितो म्हणाला होतात.

जुनी_पलटण

हो, राहून गेलं. जिथे हे जमलंय तिथे काय करतात ते सांगतो. परतणाऱ्या पलटणीतले निवडक अधिकारी आणि सुभेदार-हवालदार दर्जाचे लोक बदली होण्याआधी पुढच्या पलटणीच्या सरावाला पंच म्हणून बसवायचे. तेच जमाव होतात, तेच खोटे मिलिशिया कमांडर होतात, आणि चुकीला चूक म्हणतात. पाहुण्या शिक्षकाला ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणून गप्प करता येतं. कालच त्या गेटवरून परतलेल्या हवालदाराला तसं म्हणायची कोणाची टाप नाही.

शिवाय कंपनी कमांडरची वही. कुठल्या गावचा मुखिया कोणाचा मेहुणा, कुठला पूल पावसात बुडतो, कोणता दुभाषी घाबरतो. ही वही हस्तांतराच्या वेळी नव्या कमांडरच्या हातात पडली पाहिजे. बऱ्याचदा हस्तांतराला इतका कमी वेळ मिळतो की यादीवर सह्या होतात, जनरेटर मोजले जातात आणि वही बॅगेत घरी जाते. देणगीदार देशांनी हे दोन आठवडे वाढवून द्यायला पैसा दिला तर मला वाटतं एखाद्या मोठ्या कोर्सपेक्षा जास्त उपयोग होईल.

अनिकेत_स

ऑपरेटरांनाही हेच लागू. यंत्राची लॉगबुक यंत्राबरोबरच राहिली पाहिजे.

रोहिणी_प

वहीचा मुद्दा पटला. पण पंच म्हणून बसणारे लोक घरच्या सैन्यात मानाने वागवले जातात का, की मोहिमेवर जाऊन डॉलर कमावून आले म्हणून बाजूला टाकले जातात? बऱ्याच सैन्यांत मत्सर असतो असं ऐकून आहे. बढतीत मोहिमेचा अनुभव धरला नाही तर हे पंच कोण होणार?

जुनी_पलटण

असतो, आणि तुम्ही म्हणता तशी बढतीत नोंद हवीच. आपल्याकडे त्या अनुभवाला किंमत आहे, सगळीकडे तसं नाही.

मेघना_वि

बढतीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, यावर शोधून लिहीन. पंचखाल किंवा राजेंद्रपूरला शिकायला किंवा शिकवायला गेलेलं इथे कोणी आहे का? तिथले शिक्षक किती वर्षं एका जागी राहतात, ते मोहिमेवर जाऊन आलेले असतात का, आणि परदेशी शिक्षक नसतात तेव्हा वर्ग कसे चालतात, एवढं तरी सांगा.